आईच्या पाठीवरची परीक्षा



कुणाच्या अंगाला खाज सुटली की आपण लगेच म्हणतो, "खरूज झाली, लांब बस." माझ्या आईलाही लोक असेच म्हणाले. म्हणून मी हा लेख लिहिला आहे.

माझी आई रोजाने खुरपणीला जायची. गेल्या पावसाळ्यात तिच्या पापण्या सुजल्या. मान आणि कोपराची आतली बाजू लाल झाली. रात्रभर खाजवायची. आजीने कडुलिंबाच्या पाल्याने अंघोळ घातली. दुकानातून मलम आणले. लावले की बरे वाटे, थांबवले की दुप्पट. खुरपणीच्या बायका तिच्याजवळ भाकरी खायला बसेनात. मग आई जाईनाशी झाली आणि रोज बुडू लागला.

शेवटी वडिलांनी तिला जिल्ह्याच्या गावी चामडीच्या डॉक्टरांकडे नेले. मीही गेले. मला वाटले, आता सुई टोचणार. पण डॉक्टरांनी आधी नुसते प्रश्नच विचारले. "मावशी, खाज कोणत्या महिन्यात वाढते? कोणतं काम केल्यावर? घरात आणखी कुणाला आहे का?"

आई म्हणाली, "एकाच वाकळेवर निजतो आम्ही, पण दुसऱ्या कुणाला नाही. माहेरी आठ दिवस राहिले तेव्हा बरं वाटलं."

डॉक्टर म्हणाले, "मग ही खरूज वाटत नाही. ॲलर्जी दिसते. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही."

नंतर आईच्या पाठीवर बारीक चकत्या चिकटवल्या. प्रत्येकीत वेगळा पदार्थ होता. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही. तिसऱ्या दिवशी चकत्या काढल्या, पाचव्या दिवशी पुन्हा पाठ पाहिली. एकाच जागी लाल, उंच पुरळ होते. तिथे गाजर गवताचा अर्क होता!

ॲलर्जी म्हणजे काय?

आपल्या शरीरात रोगाशी लढणारी राखण असते. राखणदाराने चोर सोडून पाहुण्यालाच काठी हाणावी, तशी ती कधी कधी चुकते. हीच ॲलर्जी. गाजर गवत मूळचे अमेरिका खंडातले. भारतात ते 1955 साली पुण्यात नोंदले गेले. त्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वाळलेल्या गवताचे कण वाऱ्याने उडतात, म्हणून हात न लावताही पापण्या सुजतात.

शिंका, दमा, अंगावर पित्त उठणे यांची तपासणी वेगळी असते. हातावर अर्काचा थेंब टाकून हलकेच टोचतात आणि 15 ते 20 मिनिटांनी फुगवटा मोजतात. तो 3 मिलिमीटर किंवा जास्त असला तर त्या पदार्थाचा संशय धरतात. कधी रक्तही तपासतात. पण नुसत्या फुगवट्यावरून ठरवत नाहीत. रोग्याच्या त्रासाशी तो जुळावा लागतो.

डॉक्टरांनी काय सांगितले?

1. ज्याची ॲलर्जी असेल ते टाळणे हा पहिला उपाय.
2. शेतात पूर्ण बाह्या घाला. घरी आल्यावर साबणाने अंग धुवा. कपडे गवतावर वाळत घालू नका.
3. मलम डॉक्टर सांगतील तेच, तितकेच दिवस लावा. मनाने आणलेल्या मलमाने कातडी पातळ होते.
4. एखादे औषध, खाणे किंवा मधमाशीचा डंख यानंतर ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका. तडक दवाखाना गाठा. तिथे मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन देतात. त्याने जीव वाचतो.

आईची ॲलर्जी मुळातून गेलेली नाही, पण आटोक्यात आहे. आता ती खुरपणीऐवजी खळ्यावर कांदा निवडायला जाते. डॉक्टरांचे बोलणे मी त्या बायकांना सांगितले. आता त्या तिच्याजवळ बसून भाकरी खातात.

मित्रांनो, शाळेच्या कुंपणाजवळही गाजर गवत आहे. एका झाडाला हजारो बिया येतात. म्हणून मोठ्या माणसांनी ते फुलण्याआधी, हातमोजे घालून, नाकाला फडके बांधून मुळासकट उपटावे. जाळू नये. ज्यांना खाज येते त्यांनी मात्र लांबच राहावे.

आणि कुणाला खाज सुटली तर त्याला लांब बसवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी