अडीचशे वॅट म्हणजे किती ?



गेल्या वर्षीं आपल्या शाळेंतील एका मुलीचे वडील मजकडे सल्ला विचारावयास आले होते. त्यांचें गांव शाळेपासून दूर, आणि वाटेंत एक उभा चढ. मुलीकरितां विजेची सायकल घ्यावी असें त्यांच्या मनांत होतें. एक जुनी, वापरलेली सायकल स्वस्त मिळत होती. दुसरी नव्या धर्तीची, पण बरीच महाग होती. "सर, दोहोंच्या मोटरींवर २५० वॅट असाच आंकडा आहे, मग स्वस्त घेतली तर बिघडलें कोठें?" असें त्यांनीं विचारलें. "आंकडा तोच तर शक्तिही तीच, स्वस्त घ्या," असें मीं तत्काळ सांगून टाकलें. तें उत्तर चुकीचें होतें. ती मुलगी आज त्या चढाशीं उतरते आणि तें जड धूड हातांनीं ढकलीत वर नेते. माझी चूक कोठें झाली हें तुम्हांस व तुमच्या पालकांस कळावें म्हणून हा पाठ लिहीत आहें.

प्रथम शक्ति म्हणजे काय तें पाहूं. दोघी बहिणी विहिरींतून सारख्याच घागरी ओढीत आहेत. थोरली एका मिनिटांत घागर वर आणते, धाकटीला दोन मिनिटें लागतात. काम दोघींचें सारखेंच. परंतु थोरलीची शक्ति दुप्पट. म्हणजे शक्ति ही कामाची त्वरा होय. ओढीचा जोर आणि वेग यांचा गुणाकार केला म्हणजे शक्ति निघते. एक किलोग्रॅम वजन दर सेकंदास एक मीटर उचलावयास सुमारें १० वॅट लागतात. एक अश्वशक्ति म्हणजे सुमारें ७४६ वॅट. तेव्हां अडीचशे वॅट म्हणजे घोड्याचा तिसरा हिस्सा झाला. साधारण निरोगी प्रौढ मनुष्य तासभर सायकल चालवितांना सुमारें १०० वॅट देऊं शकतो.

आतां मोटरींचा थोडा इतिहास ऐका. अमेरिकेंतील ऑग्डेन बोल्टन यास ३१ डिसेंबर १८९५ रोजीं विजेच्या सायकलीचें पेटंट मिळालें. त्याची मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यांतच बसविलेली होती, आणि ती १० व्होल्टच्या बॅटरीवरून १०० अँपिअरपर्यंत प्रवाह घेई असें वर्णन आहे. गुणाकार करा : १,००० वॅट ! आजच्या आंकड्याच्या चौपट. पण हे बॅटरींतून घेतलेले वॅट. त्यांतले चाकास किती पोंचले आणि उष्णतेंत किती गेले, हा प्रश्न निराळा. १९९३ सालीं जपानांत यामाहा कंपनीनें पायांच्या जोरास मोटरीची जोड देणारी सायकल विक्रीस आणली. पुढें जर्मनींतील बॉश कंपनीची मोटर पायट्यांच्या आसाशीं बसूं लागली. तिच्या डोंगरी वाटांसाठीं केलेल्या एका प्रकाराचें वजन आरंभीं सुमारें ४ किलोग्रॅम आणि पीळ, म्हणजे आस फिरविण्याचा जोर, ७५ न्यूटन-मीटर होता. नंतरच्या पिढींत वजन ३ किलोग्रॅमच्या आंत आलें आणि पीळ ८५ पर्यंत चढला. आणि नवल असें कीं, दोहोंवर आंकडा तोच : २५० वॅट.

असें कां ? कारण हा आंकडा कायद्यानें घातलेल्या मर्यादेचा आहे. युरोपांत अशा सायकलीच्या मोटरीस अखंड चालण्याची शक्ति २५० वॅटपर्यंत, आणि मोटरीचें साहाय्य ताशी २५ किलोमीटरपर्यंतच, असा नियम आहे. आपल्या देशांतही नोंदणीवांचून चालणाऱ्या विजेच्या वाहनास अर्धा तास टिकणारी शक्ति पाव किलोवॅटच्या आंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आंत असावा लागतो. म्हणजे मोटर न तापतां दीर्घ वेळ किती काम करील, एवढेंच हा आंकडा सांगतो. क्षणिक जोर किती, आणि चढावर काय होईल, हें तो सांगत नाहीं. वर सांगितलेल्या बॉशच्या नंतरच्या मोटरीचा क्षणिक जोर ६०० वॅटपर्यंत जाई. तरी आंकडा २५० च.

आतां आपल्या चढाचा हिशेब करूं. मुलगी, दप्तर आणि सायकल मिळून ८० किलोग्रॅम धरा. चढ आठास एक. म्हणजे आठ मीटर चाललें कीं एक मीटर उंच. तेव्हां मागें खेंचणारा भार ८० चा आठवा हिस्सा, म्हणजे १० किलोग्रॅम. वेग दर सेकंदास २ मीटर धरूं.

त्या जुन्या सायकलीची मोटर चाकाच्या तुंब्यांत होती आणि तींत दांत्यांचीं चाकें नव्हतीं. त्यामुळें चाक जितकें फिरेल तितकीच मोटर फिरणार. ती आपले अडीचशे वॅट देते तें सपाटीवर, दर सेकंदास सुमारें ७ मीटर वेगानें. २५० ला ७ नें भागा : ओढ सुमारें ३६ न्यूटन, म्हणजे ३.६ किलोग्रॅमच्या वजनाइतकी. चढावर चाक मंदावलें कीं मोटरही मंदावते. ओढ तेवढीच राहते, आणि शक्ति उरते ३६ गुणिलें २, म्हणजे अवघे ७२ वॅट! जास्त प्रवाह दिला तर ओढ थोडा वेळ वाढेल, पण तारांचीं वेटोळीं तापतील. उरलेली ६.४ किलोग्रॅमची ओढ मुलीच्या पायांवर पडते. ते झाले १२८ वॅट. जें काम निरोगी प्रौढास जड, तें शाळकरी मुलीस कसें झेपावें ?

पायट्यांशीं बसविलेल्या मोटरीची गोष्ट वेगळी. तिचा जोर सायकलीच्या साखळींतून आणि गिअरांतून चाकास मिळतो. चढावर हलका गिअर घातला कीं चाक सावकाश फिरतें, पण मोटर आपल्या सोयीच्या गतीनेंच फिरत राहते. अडीचशेचे अडीचशे राहतात. २५० ला २ नें भागा : १२५ न्यूटन, म्हणजे साडेबारा किलोग्रॅमची ओढ. साखळींत थोडें वायां गेलें तरी दहाच्या भारास तें पुरतें.

याशिवाय जुन्या मोटरींत कोळशाचे ब्रश घांसत व झिजत. नव्या मोटरींत प्रवाहाची अदलाबदल इलेक्ट्रॉनिक मंडल करितें आणि निओडिमियमचे प्रबळ लोहचुंबक लहान मोटरींत मोठा पीळ देतात. तथापि केवळ नवी म्हणून मोटर चांगली असें समजूं नये. तुंब्यांतील मोटरी आजही नव्या विकल्या जातात, आणि सपाट वाटेस त्या पुरेशा आहेत.

म्हणून पालकांस विनंति कीं, सायकल घेण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या : मोटर कोठें बसविली आहे, तिचा पीळ किती, आणि सायकलीचें वजन किती. त्याहून उत्तम म्हणजे आपल्या वाटेंतील सर्वांत उभ्या चढावर ती स्वतः चालवून पाहावी. विद्यार्थ्यांनीं सुटींत आपल्या घराजवळच्या चढाचें प्रमाण काढून वरील हिशेब आपल्या वजनानें पुन्हा करावा.

नीतिसूत्रांच्या पुस्तकांत खऱ्या वजनाची थोरवी सांगितली आहे. वजन खरें असूनही तें कशाचें आहे हें न पाहतां मापणारा फसतो, हें मीं या प्रसंगीं शिकलों. त्या गृहस्थांकडे जाऊन मीं माझी चूक कबूल केली. ते कांहींच बोलले नाहींत, मुलगी मात्र म्हणाली, "सर, चढावर मैत्रिणी मागून हात लावतात." त्या हातांचे वॅट कोणत्याही पाटीवर लिहिलेले नसतात, परंतु तिची सायकल आज वर चढते ती त्यांच्याच बळावर.