'चालतंय की' म्हणण्याआधी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपचा २४ व्होल्टचा जुना पॉवर सप्लाय माझ्याकडे दुरुस्तीला आला. तक्रार विचित्र होती. एकदा सुरू झाला की दिवसभर निमूट चालायचा. मध्येच वीज गेली की पुन्हा उठायचाच नाही. उघडून पाहिलं तर स्टार्टिंगचा, म्हणजे सप्लाय सुरू करून देणारा, रेझिस्टर आधी कुणीतरी बदललेला. लाल, जांभळा, पिवळा, म्हणजे २७० किलोओहम. रंग बरोबर, पण माल पाव वॅटचा, आणि तापून तापून त्याचे ओहम कितीतरी वाढलेले.

हिशेब साधा आहे. २३० व्होल्टचा एसी रेक्टिफाय झाला की कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी उभा राहतो. तो २७० किलोओहमवर पडला, तर जवळजवळ ०.३९ वॅट उष्णता होते. शिवाय पाव वॅटचा साधा कार्बन फिल्म रेझिस्टर साधारण २५० व्होल्टपर्यंतचाच असतो. तो वॅटमध्येही कमी पडला आणि व्होल्टमध्येही.

दुकानात एक वॅटचा २७० के मिळाला नाही. "पाव वॅटचा न्या, चालतंय की," असं उत्तर आलं. मी अर्ध्या वॅटचे १२० के आणि १५० के घेतले आणि सिरीजमध्ये जोडले. बेरीज बरोबर २७० होते, आणि व्होल्टेज व उष्णता दोघांत वाटली जाते. जवळचा छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदलला, कारण तो सुकला तरी हीच तक्रार येते.

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी मोठा कपॅसिटर बल्बमधून डिस्चार्ज करा आणि मीटरने खात्री करा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. रेझिस्टर मोजताना त्याचा एक पाय सोडवा, नाहीतर शेजारच्या वाटांमुळे आकडा कमी दिसतो. मात्र पाय न सोडवताही आकडा रंगांनी दाखवलेल्या ओहमपेक्षा बराच जास्त आला, तर तो गेलाच समजा.

रंग जळून गेले असतील तर अंदाजाने काही बसवू नका. त्याच बोर्डावर जुळा भाग असेल तर तो मोजा. वायरवाउंड असेल तर तुटलेल्या जागेपासून दोन्ही टोकांपर्यंत मोजून बेरीज करा. फ्युजिबल रेझिस्टरच्या जागी फ्युजिबलच हवा. तिथे तार किंवा साधा रेझिस्टर घालणं म्हणजे आगीला आमंत्रण. आणि असा रेझिस्टर उडाला असेल, तर पुढचा डायोड किंवा ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे का, ते आधी पाहा.

सुटे भाग घ्यायला निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. तिथेही मिळालं नाही, तर पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा बेंगळूरचा एस. पी. रोड आहे. भंगारातल्या बोर्डांचे सिमेंटचे पांढरे वायरवाउंड तपासून वापरता येतात. जुने कार्बन कंपोझिशन मात्र घेऊ नका, वयानुसार त्यांचे ओहम वाढतात.

दुकानात नुसते रंग सांगू नका. ओहम, वॅट, व्होल्ट आणि जात, चारही गोष्टी चिठ्ठीवर लिहून न्या. बसवल्यावर पहिली वीज सिरीज बल्बमधूनच द्या. बल्ब क्षणभर उजळून मंदावला, तरच सप्लाय थेट मेनवर लावा.