उद्योगांची पर्यावरणविषयक शिस्त : सक्ती आणि स्वहित

बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यात तेलगाव येथे लोकनेते सुंदररावजी सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. अवर्षणप्रवण अशा या भागात पाणी हीच शेतीची व उद्योगाचीही मर्यादा होय. म्हणूनच साखर उद्योगाने पर्यावरण व्यवस्थापन पद्धती का स्वीकारावी, हा प्रश्न गावच्या विहिरीपर्यंत येऊन पोहोचतो.

सांडपाणी शुद्ध करणारे यंत्र बसविले म्हणजे ही पद्धती आली, असे नव्हे. पाणी किती घेतले, किती सोडले, जबाबदारी कोणाची, दोष कोठे आढळला व तो कसा दूर केला, याची नियमित नोंद व तपासणी म्हणजे ही पद्धती. आयएसओ १४००१ हे तिचे आंतरराष्ट्रीय मानक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

ती स्वीकारण्याचे पहिले कारण कायदा. १९७४ चा जलप्रदूषण अधिनियम व १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम यांनी उद्योगांवर बंधने घातली. २०१६ च्या केंद्रीय मानकांनुसार साखर कारखान्याने एक टन उसामागे १०० लिटरपेक्षा अधिक प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडावयाचे नाही.

दुसरे कारण काटकसर. उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणीच असते. १,००० टन ऊस गाळला तर त्याबरोबर सुमारे सात लाख लिटर पाणी कारखान्यात येते. रस आटविताना निघणारी वाफ थंड करून ते पुन्हा वापरले, गळत्या थांबविल्या, तर बाहेरून घ्यावयाच्या पाण्याची गरज घटते. बगॅसपासून वीज व प्रेसमडपासून खत मिळते. जे मोजले जात नाही, ते वाया गेल्याचे कळतही नाही.

तिसरे कारण शेजार. सहकारी कारखान्याचा सभासद हाच परिसरातील शेतकरी. त्याची विहीर बिघडली तर उसाचे शेतही बिघडते. याखेरीज मोठे ग्राहकही अशा प्रमाणपत्राची विचारणा करतात.

मात्र आयएसओ १४००१ प्रदूषणाची मर्यादा ठरवीत नाही. ते कार्यपद्धती तपासते. प्रमाणपत्र म्हणजे स्वच्छ पाण्याची हमी नव्हे. संमतिपत्राची गरज असलेल्या उद्योगांना दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पर्यावरण विवरणपत्र सादर करावे लागते. ग्रामपंचायतींनी त्यातील आकडे मागवून घ्यावेत, शाळांनी हंगामापूर्वी व हंगामानंतर विहिरींच्या पाण्याची नोंद ठेवावी. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या, म्हणजे कागदावरील शिस्त प्रत्यक्षात किती उतरली, हे गावाला समजेल.