झोळीची स्प्रिंग आणि मोगड्याची स्प्रिंग

चि. भाच्यास,


बीडच्या मोंढ्यात गाळा घेऊन अवजारांच्या दुरुस्तीचं काम मांडलंस, हे तुझ्या आईकडून कळलं. वेल्डिंगला तुझा हात चांगला आहे, म्हणूनच हे पत्र लिहावंसं वाटलं. जिला वेल्डिंग कधी लावू नये अशी एक वस्तू तुझ्या गाळ्यात रोज येणार आहे. ती म्हणजे स्प्रिंग.

पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या बालाघाटाच्या अंगाच्या तालुक्यांत दगड-मुरमाची हलकी रानं पुष्कळ. तिथे ट्रॅक्टरमागे स्प्रिंगचा मोगडा, म्हणजे कल्टिव्हेटर, लागतो. मोगडा नऊ दातांचा, दर दाताला दोन, म्हणजे अठरा स्प्रिंगा. त्या बसवतानाच थोड्या ताणलेल्या असतात, त्यामुळे साध्या मातीत दात जागचा हलत नाही. टोकाला दगड लागला की दात मागे झुकतो, दगडावरून सरकतो आणि स्प्रिंगा त्याला पुन्हा जागेवर ओढून आणतात. ट्रॅक्टर थांबत नाही, दात मोडत नाही.

ही ताणाची स्प्रिंग. तिचे वेढे एकमेकांना चिकटून वळलेले असतात आणि त्या वळण्यातच थोडा ताण मुरलेला असतो. तेवढा ताण ओलांडेपर्यंत ती उघडतच नाही. नंतर मात्र जितकं ओझं, तितकी लांबी. ओझं आणि ताण यांचा हा सरळ हिशेब रॉबर्ट हूकने १६७८ साली छापून मांडला. आजही कारखान्यातली मोठी स्प्रिंग आणि शाळेतला ताणकाटा त्याच हिशेबाने चालतात.

गिऱ्हाईक येऊन म्हणेल, ‘अशीच द्या, जरा जाड द्या.’ इथे सावध राहा. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वेढ्याचा मधला व्यास ३२ मिमी आणि वेढे ४० असतील, तर ४ मिमी पोलादी तारेची स्प्रिंग एक मिमी ताणायला साधारण २०० ग्रॅम लागतात. तार ५ मिमीची केलीस आणि बाकी सगळं तसंच ठेवलंस, तर ती जवळपास अडीचपट कडक होते. डोळ्याला फरक एका मिलिमीटरचा, पण दाताला ती स्प्रिंग लोखंडी काठीसारखी वाटेल आणि दगड लागल्यावर दात मोडेल. वेढ्याचा व्यास उलट दिशेने चालतो: ३२ चा ४० केला की कडकपणा निम्म्यावर येतो. म्हणून तार व्हर्निअरनेच मोजावी, अंदाजाने कधी नाही.

जुनी स्प्रिंग शाबूत असेल तर तिच्याकडूनच माहिती काढून घे. ताणकाट्याला अडकवून दोन लांबींवर वजन वाच. समज, ३०० मिमीला १४ किलो आणि ३५० मिमीला २४ किलो आले. पन्नास मिमीला दहा किलो वाढले, म्हणजे मिमीला २०० ग्रॅम. मोकळी लांबी २५० असेल तर ३०० पर्यंत यायला १० किलो पुरायला हवेत. काट्यावर १४ दिसतात. वरचे चार किलो हा तिच्यात मुरलेला ताण. एवढे आकडे, तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढ्यांची संख्या आणि दोन्ही टोकांच्या हुकांची, म्हणजे आकड्यांची, तोंडं कुठल्या बाजूला आहेत हे कागदावर लिहिलंस की कुठलाही स्प्रिंगवाला बरोबर माल देईल. मोकळ्या स्प्रिंगच्या वेढ्यांतून उजेड दिसला तर ती ताणून गेलेली आहे. तिची मापं घेऊन नवी बनवू नकोस. दाताच्या दोन्ही स्प्रिंगा जोडीनेच बदल. एक नवी आणि एक थकलेली असली की जास्त भार नवीवर येतो.

आता आकडा. ताणाची स्प्रिंग तुटते ती बहुतेक वेळा तिथेच, जिथे तार वेढ्यातून वळून आकडा होते. तुटलेली स्प्रिंग घेऊन माणूस म्हणतो, ‘एक टाका मारून द्या.’ नाही म्हण. त्या तारेची ताकद ती थंड ओढून कमावलेली असते. वेल्डिंगच्या आचेने टाक्याजवळ ती कुठे मऊ पडते, कुठे ठिसूळ होते आणि दुसऱ्या दिवशी शेजारीच तुटते. दोन वेढे उलगडून नवा आकडा वाकवणं हाही तोडगा नव्हे. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, लांबी घटते, आणि बसवताना तिला आधीच जास्त ताणावं लागतं. जस्ताचा मुलामा देणाऱ्यालाही विचार, की मुलाम्यानंतर माल काही तास सुमारे २०० अंशांवर तापवला का. तो तापवला नाही तर पोलादात शिरलेला हायड्रोजन ते ठिसूळ करतो. खताच्या पेरणीयंत्रासाठी स्टेनलेसची तार चांगली, पण त्याच मापाची स्टेनलेसची स्प्रिंग दहा-बारा टक्के मऊ निघते.

मोगड्याची स्प्रिंग तुटली तर एक दात ढिला पडतो. बाळाच्या झोळीची स्प्रिंग तुटली तर काय होतं? ओळखीच्या एका घरात आकडा उघडला आणि लेकरू खाली आलं. खाली गोधडी होती म्हणून ते वाचलं. त्या दिवसापासून मामा माणसाच्या डोक्यावर किंवा माणसाखाली टांगायची कुठलीही वस्तू साध्या ताणाच्या स्प्रिंगवर सोडत नाही.

त्या कामाला दुसरी जात आहे, ड्रॉबार स्प्रिंग. ही मुळात दाबाची स्प्रिंग. सळईच्या लांबट यू आकाराच्या दोन कड्या तिच्या पोटातून उलट-सुलट घातलेल्या असतात: वरची कडी खालच्या टोकाला धरते, खालची वरच्या टोकाला. कड्या ओढल्या की मधली स्प्रिंग दाबली जाते. ओझं फार झालं तर वेढे एकमेकांना टेकतात आणि तिथून पुढे ती साखळीसारखी वागते. वेढा तुटला तरी तुकडे कड्यांच्या मध्येच अडकून राहतात आणि ओझं खाली येत नाही. ताणाच्या स्प्रिंगला असा थांबा नसतो. तिला कितीही ओढा, ती लांबतच जाते. बंगई, झोपाळा, पाळणा यांना ड्रॉबारच लाव. ती जड असते, महाग पडते, जागा जास्त खाते, तरीही तीच. कड्यांची सळईही ओझ्याला पुरेशी जाड आहे ना, तेवढं बघ.

दुकानात मात्र नुसतं ‘ड्रॉबार’ म्हणालास तर ट्रॅक्टरमागचा, ट्रॉली जोडायचा ड्रॉबार पुढे येईल. कागदावर चित्र काढून दाखव.

दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघणारी कुटुंबं तुझ्या गाळ्यावरून जातील. फडाशेजारच्या कोपीत लेकराची झोळी टांगायला कुणी स्प्रिंग मागितली आणि ड्रॉबार परवडली नाही, तर ताणाची देताना आतून एक मजबूत दोर ओवून दे. त्याची दोन्ही टोकं स्प्रिंगच्या आकड्यांना न बांधता वरच्या आढ्याला आणि खालच्या झोळीला बांध. लांबी स्प्रिंगच्या पूर्ण ताणापेक्षा चार बोटं जास्त ठेव. त्या दोराचे पैसे घेऊ नकोस.

तुझा,
मामा