लॅपटॉपच्या विशेष कळा आणि लिनक्स
(द्वितीय वर्ष, कला)

यंत्राविषयीचा लेख विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याने लिहावा आणि आम्ही कलाशाखेच्या मुलामुलींनी कविता, प्रवासवर्णन किंवा फार तर एखादे व्यक्तिचित्र लिहावे, अशी वार्षिकांची रूढीच आहे. परंतु आमचे निबंध, टिपणे, प्रकल्प, शिष्यवृत्तीचे अर्ज ही सारी कामे आज ज्या यंत्रावर होतात, ते यंत्र आपल्या म्हणण्याप्रमाणे चालते की आपण त्याच्या म्हणण्याप्रमाणे चालतो, हा प्रश्न काही एका शाखेपुरता नाही. म्हणून हे धाडस.

प्रश्नाची निकड अलीकडे वाढली आहे. विंडोज १० या कार्यप्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तिच्या पुढची विंडोज ११ ही प्रणाली टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर मागते. त्यामुळे चांगले चालणारे असंख्य लॅपटॉप एका तारखेने म्हातारे ठरले. आमच्यासारख्यांच्या घरात लॅपटॉप येतो तो बहुधा वापरलेलाच. तो टाकून नवा घेणे हा पर्याय बोलण्यापुरताच असतो. अशा वेळी लिनक्सची वाट उपयोगी पडते. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ साली या प्रणालीचा गाभा लिहावयास घेतला. तिच्या भोवतीची पुष्कळशी साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. तिचे मूळ लेखन, म्हणजे सोर्स, कोणालाही वाचता येते, बदलता येते, दुसऱ्यास देता येते. हा इतिहास अन्यत्र पुष्कळ मिळेल. मला सांगावयाचे आहे ते त्यानंतरचे.

लिनक्स बसवले की पडदा, आवाज, वाय-फाय ही मंडळी बहुधा मुकाट्याने कामास लागतात. रुसून बसतात त्या वरच्या रांगेतील विशेष कळा. सूर्याचे चित्र असलेली कळ प्रकाश कमी-जास्त करीत नाही, माइकच्या कळेवरचा तांबडा दिवा लागत नाही. माझ्या लॅपटॉपवर नेमकी प्रकाशाची जोडी बंद होती. पडदा कायम पूर्ण तेजाने तळपत राही, आणि तासाभरात बॅटरी मान टाकी. दुरुस्तीच्या एका दुकानात 'कळफलक गेला, अडीच हजार पडतील' असे सांगण्यात आले. कळफलक गेला असता तर त्याच कळांवरचे एफ-५ आणि एफ-६ कसे चालले असते, हे मला उमगेना. शोध सुरू झाला तो येथून.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कळ अक्षर उमटवीत नाही. आमच्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे चटकन पटेल. हिरवे बटण मोटार फिरवीत नाही. ते आतल्या कॉइलला वीज देते, कॉइल पट्टी ओढते, आणि मग मोटारीचा प्रवाह जोडला जातो. बटणाचे काम फक्त निरोप देण्याचे. लॅपटॉपची कळही असाच एक निरोप देते, आणि तो निरोप अक्षरापर्यंत पोहोचेतो तीन हातांतून जातो. कळफलकाखाली एक छोटा नियंत्रक असतो. तो प्रत्येक कळेला एक अंक देतो. त्यास स्कॅनकोड म्हणतात. लिनक्सचा गाभा त्या अंकाचे आपल्या यादीतील दुसऱ्या अंकात रूपांतर करतो, हा कीकोड. शेवटी पडद्याची व्यवस्था पाहणारा भाग, आपण निवडलेली भाषा आणि मांडणी पाहून, त्या कीकोडला अर्थ देतो, हा कीसिम. कळेवर छापलेले चित्र या साखळीत कोठेच नाही. तो नुसता रंग आहे.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. आजच्याही पुष्कळ लॅपटॉपांचा अंगचा कळफलक लिनक्ससमोर 'एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड' या नावाने उभा राहतो. हे एटी म्हणजे आयबीएमचा १९८४ सालचा पीसी-एटी संगणक. चाळीस वर्षे लोटली, यंत्र बोटभर जाडीचे झाले, पण कळफलक अजून आजोबांचे नाव सांगतो.

आता विशेष कळांकडे येऊ. या कळा तीन निरनिराळ्या वाटांनी जातात, आणि आपली कळ कोणत्या वाटेची आहे हे ठरविल्याशिवाय केलेला प्रत्येक उपाय अंधारात मारलेला दगड ठरतो. पहिली वाट साध्या कळांसारखीच, स्कॅनकोडची. दुसरी वाट एसीपीआयची. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला हा करार वीज, बॅटरी, झाकण इत्यादींविषयी यंत्र आणि प्रणाली यांनी एकमेकांशी कसे बोलावे हे ठरवितो. काही कळांचे निरोप या मार्गाने येतात आणि ते समजून घेण्यास त्या त्या कंपनीच्या यंत्रांसाठी लिहिलेला थिंकपॅड-एसीपीआय, एचपी-डब्ल्यूएमआय, आसुस-डब्ल्यूएमआय यांसारखा चालक लागतो. तिसऱ्या वाटेच्या कळा प्रणालीला विचारीतच नाहीत. नियंत्रक परस्पर काम उरकतो. एफएन कळ बहुधा या तिसऱ्या प्रकारची. ती एकटी दाबली तर बव्हंशी लॅपटॉपांत लिनक्सला काहीच कळत नाही. म्हणून एफएन आणि कंट्रोल यांची अदलाबदल करावयाची असेल तर ती प्रणालीत होत नाही; कंपनीने बायोसमध्ये तशी सोय ठेवली असेल तरच होते.

वाट ओळखण्याचे साधन म्हणजे 'ईव्ही-टेस्ट' हा छोटा कार्यक्रम. (आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टंकताना ती लहान रोमन अक्षरांत, मधली रेघ गाळून लिहावीत; फक्त 'सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी'मधली रेघ ठेवावी.) तो चालविण्यास प्रशासकाचा अधिकार लागतो, आणि ते योग्यच आहे, कारण दाबलेली प्रत्येक कळ, परवलीचा शब्दसुद्धा, त्यास दिसते. यादीतून कळफलक निवडावा आणि रुसलेली कळ दाबावी. स्कॅनकोड आणि कीकोड दोन्ही दिसले तर खालचे दोन हात ठीक आहेत. दोष वरच्या मांडणीत आहे. केवळ स्कॅनकोड दिसला आणि नाव नाही, तर गाभ्याला निरोप मिळाला पण अर्थ ठाऊक नाही. काहीच दिसले नाही तर यादीतील दुसरी उपकरणे, उदाहरणार्थ 'व्हिडिओ बस', एकेक करून पाहावीत. कळ दुसऱ्या वाटेने येत असेल.

माझ्या प्रकाशाच्या कळा मधल्या प्रकारच्या निघाल्या. 'डी-मेसेज' ही आज्ञा (टंकताना डीएमईएसजी अशी पाचच अक्षरे) दिल्यावर गाभ्याच्या रोजनिशीत स्वच्छ नोंद होती की एक अनोळखी कळ दाबली गेली, तिचा अंक अमुक, आणि ती ओळखीची करावयाची असल्यास 'सेट-कीकोड्‌स' वापरावे. यंत्र इतक्या सौजन्याने आपली अडचण सांगते हे मला नवे होते. तो उपाय चालतो, पण यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की विसरला जातो. कायमचा उपाय यू-डेव्ह या भागाच्या नोंदवहीत आहे. 'ईटीसी' या फोल्डरातील 'यूडेव्ह', त्यातील 'एचडब्ल्यूडीबी-डी' येथे शेवटी एचडब्ल्यूडीबी हे अक्षर-शेपूट असलेली एक नवी फाइल करावयाची. तिची पहिली ओळ कोणत्या यंत्रासाठी ही सूचना आहे ते सांगते: कंपनी आणि प्रत यांची नावे, यंत्रातच नोंदलेली, जशीच्या तशी. पुढच्या प्रत्येक ओळीत एक स्कॅनकोड आणि बरोबरच्या चिन्हापुढे त्याचे नाव, माझ्या बाबतीत ब्राइटनेस-डाउन व ब्राइटनेस-अप. या ओळींच्या आरंभी एक जागा मोकळी सोडावीच लागते. ती नसेल तर ओळ नवे यंत्र समजली जाते. मग 'सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट' आणि 'यूडेव्ह-एडीएम ट्रिगर' या दोन आज्ञा.

कळ चालली, आणि एका दाबासरशी पडदा पार मंद होऊन थांबला. हे कोडे मला सर्वांत आवडले. साधी कळ दाबली की एक निरोप जातो आणि सोडली की दुसरा. काही विशेष कळांचा नियंत्रक सोडल्याचा निरोप पाठवीतच नाही. बोट केव्हाच उचलले, परंतु प्रणालीच्या लेखी कळ दाबलेलीच आहे, म्हणून ती प्रकाश कमी कमी करीत जाते. यावर तोड एका चिन्हाची: नोंदवहीत कळेच्या नावाआधी उद्गारचिन्ह घातले की गाभा दाबल्यानंतर लगेच सोडल्याचा निरोप स्वतःच मानून घेतो. व्याकरणात उद्गारचिन्हाला एवढे वजन आम्ही कधी दिले नव्हते.

निरोप पोहोचूनही प्रकाश हलत नसेल तर दोष कळेचा नव्हे, दिव्याचा. 'सिस' फोल्डरातील 'क्लास', त्यातील 'बॅकलाइट' येथे पाहावे. तेथे 'ब्राइटनेस' नावाच्या फाइलीत अंक लिहिला की प्रकाश बदलतो, 'मॅक्स-ब्राइटनेस'मध्ये कमाल अंक असतो. तेथे दोन नोंदी दिसल्या तर प्रणाली चुकीच्या दिव्याशी बोलत असण्याचा संभव आहे. यंत्र सुरू होताना गाभ्याला 'एसीपीआय-बॅकलाइट' हा पर्याय 'नेटिव्ह' किंवा 'व्हेंडर' असा देऊन पाहावा.

माइकच्या कळेची कथा वेगळी. तिचा कीकोड २४८. एक्स-११ ही पडद्याची जुनी व्यवस्था, १९८७ सालची, गाभ्याच्या अंकात ८ मिळवून आपला अंक करते आणि तिच्या अंकाला एकच बाइट, म्हणजे कमाल २५५ एवढीच जागा आहे. २४८ आणि ८ मिळून २५६! एका अंकाने दार बंद. म्हणून नोंदवहीत या कळेला प्रत्यक्ष नसलेल्या एफ-२० कळेचे नाव देतात, ज्याचा अंक १९० आहे, आणि वरची मांडणी एफ-२० म्हणजे माइक असे समजून घेते. टचपॅडची कळ अशीच एफ-२१ चे सोंग घेते. वेलँड या नव्या व्यवस्थेत ही अडचण उरलेली नाही.

एवढे समजल्यावर मराठी टंकलेखनाचा प्रश्नही याच साखळीतला आहे हे ध्यानात येते, आणि मराठीच्या विद्यार्थिनीला खरे महत्त्व त्याचेच. रोमन जे ही कळ घ्या. गाभ्यासाठी ती ३६, एक्स-११ साठी ४४. इंग्रजी मांडणीत तिचा अर्थ जे, इन्स्क्रिप्ट मांडणीत र. कळ तीच, अंक तेच. बदलतो तो फक्त शेवटचा हात. इन्स्क्रिप्टला १९९१ साली भारतीय मानक संस्थेची मान्यता मिळाली. तिच्यात स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत, त्यामुळे दोन्ही हात आलटून पालटून चालतात. शिफ्टसह जे दाबल्यास नुक्त्याचा ऱ येतो, आणि तो आपल्याला अत्यावश्यक आहे. साधा र, हलन्त आणि य मिळून 'दर्या' होतो, म्हणजे समुद्र. शिफ्टचा ऱ, हलन्त (डी कळ) आणि य मिळून 'दऱ्या' होतात, डोंगरातल्या. आचार्यांना बोलावणे आणि आचाऱ्यांना बोलावणे यांतला फरकही याच एका कळेवर आहे. हिंदीचे काम तिच्यावाचून चालते, आपले नाही. अनेक विद्यार्थ्यांच्या टंकलिखित निबंधांत समुद्र डोंगरात शिरलेला दिसतो तो अज्ञानाने नव्हे, कळ ठाऊक नसल्याने. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, रुपयाचे चिन्ह २०१० साली. रुपयासाठी भारतीय इंग्रजी मांडणीत उजवा आल्ट आणि ४ पुरतात. आणि कॅप्सलॉक ही कळ, जिचा मराठीला काडीचा उपयोग नाही, ती मांडणीच्या पर्यायांत जाऊन मराठी-इंग्रजी बदलण्यास लावता येते. मी तसे केले आहे, आणि संपूर्ण कळफलकावर ती माझी सर्वांत कामसू कळ झाली आहे.

कळांच्या शोधात हाती लागलेली आणखी एक गोष्ट जाता जाता. 'सिस'मधील 'क्लास', त्यातील 'पॉवर-सप्लाय' येथे बॅटरीच्या फोल्डरात 'चार्ज-कंट्रोल-एंड-थ्रेशोल्ड' ही फाइल असेल तर तीत ८० लिहावे. भरणे तेथेच थांबते आणि जुन्या बॅटरीचे आयुष्य वाढते. सर्वच यंत्रांत ही सोय नसते.

आपण केलेली नोंद 'ईटीसी'मध्येच ठेवावी. प्रणालीबरोबर येणाऱ्या मूळ नोंदवहीत लिहिल्यास पुढच्या सुधारणेत ती पुसली जाते. ती मूळ नोंदवही उघडून वाचण्यासारखी मात्र अवश्य आहे: कंपन्यांची नावे, प्रतींची नावे, आणि प्रत्येकीखाली कोणा ना कोणा वापरणाऱ्याने आपली कळ दाबून पाहून कळविलेले अंक. आपल्या यंत्राची नोंद तीत नसेल तर सिस्टमडी प्रकल्पाकडे ती पाठविता येते, आणि स्वीकारली गेल्यास त्याच प्रतीचा लॅपटॉप असणाऱ्या जगातील कोणालाही पुढे काहीच करावे लागत नाही. माझ्या दोन ओळी मी पाठवावयास काढल्या आहेत. वर्गातील एका मैत्रिणीकडे याच प्रतीचा लॅपटॉप आहे. तिच्याकडे ती फाइल पेनड्राइव्हवरून नेली, दोन आज्ञा दिल्या, आणि तिच्याही प्रकाशाच्या कळा चालू झाल्या. विमानाच्या चित्राची कळ मात्र आम्हां दोघींकडेही अजून मुकी आहे. ती ईव्ही-टेस्टच्या कोणत्याच उपकरणावर उमटत नाही. तेव्हा ती दुसऱ्या वाटेची असून तिचा चालक बसलेला नाही, की मुळातच तिसऱ्या वाटेची आहे, हे पाहणे चालू आहे.