स्पोर्ट्स कारचे इंजिन ऑइल : निवड आणि बदल



गेल्या उन्हाळी सुट्टीत मी साताऱ्याला घरी होतो. संध्याकाळी बाबांनी विचारले, "उद्या पुण्याला जाऊन यायचंय. गाडीचं ऑइल बघितलंस का रे?" मी खेळायला निघालो होतो. "हो बाबा, बघितलं," असे सांगून मोकळा झालो. प्रत्यक्षात बघितले नव्हते. दुसऱ्या दिवशी पुण्याहून परतताना खंबाटकी घाटाच्या चढावर आमच्या जुन्या मोटारसायकलचे इंजिन आधी खडखडले आणि मग जागीच जाम झाले. बाबा रागावले नाहीत. गाडी कडेला लावून त्यांनी डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा बुडवली आणि माझ्या हातात दिली. ती कोरडी होती.

शाळेत परतल्यावर इंजिन ऑइलचा नीट अभ्यास करायचे मी ठरवले. उदाहरण म्हणून मुद्दाम स्पोर्ट्स कार निवडली. साध्या गाडीत तेलाकडे थोडे दुर्लक्ष झाले तर ते बरेच दिवस खपून जाते. स्पोर्ट्स कारचे इंजिन मात्र ते खपवून घेत नाही. म्हणून तेलाचे काम तिथे सर्वांत स्पष्ट दिसते.

तेलावर किती भार पडतो?

होंडा कंपनीची एस-२००० ही दोन आसनी गाडी १९९९ मध्ये बाजारात आली. तिचे इंजिन २ लिटरचे, चार सिलिंडरचे. सुरुवातीच्या गाड्यांत ते मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत जाई. आपल्या भौतिकशास्त्राच्या तासाला शोभेल असे गणित करून पाहू.

मिनिटाला ९,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १५० फेऱ्या. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव, ८४ मिलिमीटर आहे. एका फेरीत पिस्टन एकदा खाली आणि एकदा वर जातो. म्हणून

सरासरी वेग = २ × ०.०८४ × १५० = २५.२ मीटर प्रतिसेकंद.

हा वेग ताशी सुमारे ९० किलोमीटर झाला. या वेगाने धावणारा पिस्टन सेकंदाला ३०० वेळा थांबून दिशा बदलतो. पिस्टन आणि सिलिंडर, तसेच क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये केसाहूनही कितीतरी पातळ असा तेलाचा थर असतो. तो थर आहे तोवर धातूला धातू लागत नाही. थर तुटला की काही सेकंदांत बेअरिंग खराब होते.

तेलाची आणखी कामेही आहेत. पाणी जिथे पोहोचत नाही तिथली उष्णता तेल वाहून नेते. काजळी आणि धातूचे कण ते फिल्टरपर्यंत आणते. एस-२००० मध्ये तर ६,००० फेऱ्यांच्या आसपास व्हॉल्व्ह अधिक उघडणारी व्ही-टेक यंत्रणा तेलाच्या दाबावरच चालते. तेलाचा दाब कमी असेल तर ही यंत्रणा नीट काम करत नाही.

डब्यावरचे आकडे कसे वाचावेत?

ऑइलच्या डब्यावर '१०डब्ल्यू-३०' असे लिहिलेले असते. पुष्कळांना डब्ल्यू म्हणजे 'वेट', म्हणजे वजन वाटते. तो 'विंटर' शब्दाचा डब्ल्यू आहे. पहिला आकडा थंडीतला आणि दुसरा इंजिन तापल्यानंतरचा.

पहिला आकडा जितका लहान, तितके तेल कडाक्याच्या थंडीत लवकर वाहू लागते. थंडीतला दाटपणा १०डब्ल्यू तेलासाठी उणे २५ अंश सेल्सिअसला, तर ०डब्ल्यू तेलासाठी उणे ३५ अंशांना तपासतात. पुण्यात किंवा नागपुरात हा फरक फारसा जाणवणार नाही. लेहच्या जानेवारीत नक्की जाणवेल.

दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहते ते सांगतो. मोजमाप सेंटीस्टोक या एककात असते :

२० : ६.९ ते ९.३
३० : ९.३ ते १२.५
४० : १२.५ ते १६.३
५० : १६.३ ते २१.९
६० : २१.९ ते २६.१

म्हणजे ६० क्रमांकाचे तापलेले तेल २० क्रमांकाच्या तेलाच्या दुपटीहून अधिक दाट असते. हे आकडे प्रतवारीचे गुण नाहीत. ६० हे २० पेक्षा 'भारी' तेल नव्हे, ते केवळ अधिक दाट आहे.

याशिवाय डब्यावर एपीआय या अमेरिकी संस्थेची दोन अक्षरे असतात. एस ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनासाठी आणि सी ने सुरू होणारी डिझेलसाठी. पेट्रोलच्या तेलांत दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितका दर्जा नवा. एसएन हा दर्जा २०१० मध्ये आला आणि एसपी २०२० मध्ये.

मग कोणते तेल घ्यावे?

इथे बहुतेकांची चूक होते. 'जोरात चालणारी गाडी, म्हणून दाट तेल' असे एक जण सांगतो. 'सर्वांत महाग ते सर्वांत चांगले' असे दुसरा सांगतो. तीन स्पोर्ट्स कार घेऊन हे तपासू. होंडा एस-२००० च्या अमेरिकेतील मालक-पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० तेल सांगितले आहे. टोयोटाच्या ८६ या गाडीसाठी ०डब्ल्यू-२० सांगितले आहे. आणि २००० च्या सुमारास आलेल्या बीएमडब्ल्यू एम-३ च्या ३.२ लिटर इंजिनासाठी १०डब्ल्यू-६० सांगितले आहे. तिन्ही गाड्या वेगाच्या, पण तेले तीन टोकांची.

याचे कारण असे की बेअरिंगमधली फट, तेलाच्या पंपाची ताकद, तेल थंड करण्याची सोय हे सर्व इंजिन बनवतानाच ठरते आणि त्यानुसार तेल ठरते. बारीक फटींसाठी बनवलेल्या इंजिनात फार दाट तेल घातले तर गार इंजिनात ते कोपऱ्याकोपऱ्यात पोहोचायला उशीर लागतो आणि ताकदही वाया जाते. मोठ्या फटींच्या इंजिनात फार पातळ तेल घातले तर थर टिकत नाही. म्हणून पहिला नियम : मालक-पुस्तिका उघडा. तिच्यात दिलेला क्रमांक आणि दिलेला दर्जा, दोन्ही जुळणारे तेल घ्या. एवढे जुळले की कोणत्या कंपनीचे घ्यावे हा प्रश्न लहान राहतो. खरे तेल मिळेल अशा खात्रीच्या दुकानातून ते घ्यावे, आणि डब्याचे सील पाहावे.

घरी मोटारसायकल असणाऱ्यांसाठी एक सूचना. बहुतेक मोटारसायकलींत क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या काही तेलांतील घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे तो घसरू लागतो. त्यामुळे कारचे उरलेले तेल मोटारसायकलमध्ये ओतू नये.

तेल बदलण्याची कृती

१. मालक-पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने अशा दोन मर्यादा असतात. जी आधी येईल ती पाळावी. गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवली असेल तर त्याआधीच तेल बदलावे.

२. गाडी सपाट जागेवर घ्यावी आणि इंजिन थोडे तापवून बंद करावे. कोमट तेल चटकन वाहते आणि गाळ सोबत नेते. उकळते तेल मात्र हात भाजते.

३. हँडब्रेक ओढून चाकांना गुटके लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जॅक स्टँड लावून, गाडी हलवून पाहूनच खाली शिरावे.

४. तेल भरण्याचे झाकण उघडावे, चेंबरखाली भांडे ठेवावे आणि ड्रेन नट काढावा. तेल थेंब थेंब गळेपर्यंत थांबावे. त्यात धातूचा चुरा चमकतो का, किंवा पाणी मिसळल्यासारखा दुधट रंग दिसतो का, हे पाहावे. नुसता काळेपणा हा दोष नाही. तेलाने काजळी धरून ठेवली, म्हणजे आपले काम केले.

५. ड्रेन नटला नवा वॉशर घालावा. नट पुस्तिकेतल्या मापाने टॉर्क रेंचने आवळावा. चेंबर ॲल्युमिनियमचे असेल तर जोर लावून आवळताना आटे जातात.

६. जुना फिल्टर काढल्यावर त्याचे रबर इंजिनाला चिकटून तर राहिले नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. रबरावर रबर बसले की तेल फवाऱ्यासारखे बाहेर येते. नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचे बोट लावून तो हाताने बसवावा.

७. एस-२००० मध्ये फिल्टरसह ४.८ लिटर तेल लागते. सगळे एकदम ओतू नये. थोडे कमी भरून डिपस्टिक पाहावी. इंजिन सुरू करून तेलाच्या दाबाचा दिवा विझल्याची खात्री करावी, गळती पाहावी. मग इंजिन बंद करून, गाडी जमिनीवर सपाट असताना, काही मिनिटांनी पातळी पुन्हा पाहावी आणि उरलेले भरावे. वरच्या खुणेच्या पुढेही जाऊ नये. जास्त तेलात क्रँकशाफ्ट घुसळण होऊन फेस होतो आणि फेसाचा थर टिकत नाही.

८. काढलेले तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. डब्यात भरून अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावे. शेवटी तारीख, किलोमीटर, तेलाचा क्रमांक आणि किती भरले हे वहीत लिहावे.

बदलले म्हणजे संपले का?

नाही. माझी चूक याच ठिकाणी झाली होती. जोरात चालणारे इंजिन थोडे तेल खातेच. बहुतेक कारच्या डिपस्टिकवरील दोन खुणांमध्ये सुमारे १ लिटरचे अंतर असते. ४.८ लिटरमधले १ लिटर गेले म्हणजे पाचवा हिस्सा गेला. आता ही गाडी वेगाने वळते आहे असे समजा. वळताना गुरुत्वाकर्षणाइतका, म्हणजे १ जी, आडवा त्वरण असेल तर चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. तेल एका भिंतीकडे चढते. ते मुळात कमी असेल तर पंपाची नळी उघडी पडते आणि तेलाऐवजी हवा ओढते. सर्वांत महागडे तेलही या वेळी इंजिनाला वाचवू शकत नाही, कारण ते बेअरिंगपर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून पातळी पाहण्याची रीतही पुस्तिकेतूनच शिकावी. एस-२००० मध्ये इंजिन बंद करून पाहतात. पोर्शच्या हवेने थंड होणाऱ्या जुन्या ९११ गाड्यांत तेल वेगळ्या टाकीत असते. तिथे इंजिन पूर्ण तापवून, सपाट जागी, चालू ठेवूनच डिपस्टिक पाहावी लागते. बंद इंजिनात पाहिले तर पातळी कमी दिसते, आणि माणूस नको तेवढे तेल ओततो.

आमच्या मोटारसायकलला नवा पिस्टन बसला आणि सिलिंडरचे कामही करावे लागले. त्या महिन्यात घरात दुसरा मोठा खर्च झाला नाही. आता तिच्या साइड बॉक्समध्ये एक लहान वही असते. तिच्यात बाबांच्या हस्ताक्षरात तारखा आहेत, आणि सुट्टीतल्या तारखा माझ्या हस्ताक्षरात. डिपस्टिक हातात धरून पाहिल्याशिवाय मी त्या वहीत काही लिहीत नाही.

स्वाध्याय

१. एस-२००० चे इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असताना पिस्टनचा सरासरी वेग काढा.

२. आडवा त्वरण अर्धा जी असेल तर तेलाचा पृष्ठभाग किती अंशांनी कलेल?

३. सुट्टीत घरी गेल्यावर आपल्या गाडीची मालक-पुस्तिका शोधा. तेलाचा क्रमांक लिहून घ्या. मग डिपस्टिक काढा, आणि पातळी स्वतः पाहा.