गडगडाटाआधी

घरी रॉक किंवा मेटल गिटार रेकॉर्ड करायची म्हटलं की पहिली स्वप्नं अँपची पडतात. मोठा ट्यूब अँप, खाली चार स्पीकरचं कॅबिनेट. माझ्याकडे विचारायला येणाऱ्या मुलांना मी कळकळीने सांगतो की ही खरेदी सगळ्यात शेवटी करा. बहुतेकांना ती कधी करावीच लागणार नाही. ५० वॅटचा ट्यूब अँप त्याच्या खऱ्या आवाजात यायच्या आत खालच्या मजल्यावरचे काका दार वाजवतात. आवाज कमी ठेवला, तर ज्या भरीव डिस्टॉर्शनसाठी तो घेतला तेच मिळत नाही. त्यात दहा बाय दहाच्या खोलीत, उघड्या भिंती आणि लोखंडी कपाटासमोर माइक लावला की खोलीचा आवाजही गिटारबरोबर रेकॉर्ड होतो, आणि तो नंतर वेगळा काढता येत नाही.

हे ‘नंतर काढता येत नाही’ महत्त्वाचं. पैसे कुठे घालायचे हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: इथे काही बिघडलं तर ते पुढे दुरुस्त होईल का? होत असेल तर तिथे स्वस्तात भागवा. होत नसेल तर तिथे हात आखडू नका.

या प्रश्नामागे आमच्या बँडची काही गाणी आहेत. डोंबिवलीतल्या एका मित्राच्या घरी आम्ही ती रेकॉर्ड केली. दुकानात आम्हाला यूएसबीवाला छोटा मिक्सर आणि एक मल्टी-इफेक्ट्स पेडल मिळालं. ‘हेच लागतं, सगळे हेच नेतात,’ असं सांगून त्यांनी ते दिलं. गिटार पेडलमध्ये, पेडल मिक्सरमध्ये, मिक्सर लॅपटॉपला. डिस्टॉर्शन, रिव्हर्ब, सगळं जसं ऐकू येत होतं तसंच रेकॉर्ड होत गेलं. गिटार एकटी ऐकली की छाती भरून यायची. मग बेस आणि ड्रम्स आले आणि गिटार त्यांच्यात बुडून गेली. डिस्टॉर्शन इतकं होतं की पिकचा घाव ऐकूच येईना, आणि रिव्हर्बमुळे प्रत्येक रिफ चिखलात रुतल्यासारखा. डिस्टॉर्शन कमी करायची सोय नव्हती, कारण मूळचा स्वच्छ सिग्नल आम्ही कुठे साठवलाच नव्हता. ज्या मित्राने ते सोलो वाजवले तो पुढे नोकरीसाठी कॅनडाला गेला. ते सोलो त्याने पुन्हा तसे वाजवलेले नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट: गिटारचा कोरा सिग्नल रेकॉर्ड करा. यालाच डीआय म्हणतात. गिटारची केबल थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये, आणि अँपचा आवाज कॉम्प्युटरमधल्या अँप सिम्युलेटरमधून. ऐकताना तुम्हाला पूर्ण गडगडाट ऐकू येतो, साठवली जाते ती मात्र फक्त तारांची आणि बोटांची हालचाल. सहा महिन्यांनी वाटलं की आवाज अजून कोरडा हवा, तर तोच टेक दुसऱ्या अँपमधून काढता येतो. खऱ्या अँपमधून काढायचा असेल तर त्यालाही रस्ता आहे; त्याला रीअँपिंग म्हणतात.

हा कोरा सिग्नल इंटरफेसमध्ये नीट शिरणं हा सगळ्या खरेदीचा गाभा आहे, आणि फसगतही इथेच होते. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेले तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. त्यातून येणारा सिग्नल अशक्त असतो. पुढच्या यंत्राने त्याच्यावर भार टाकला की तो खचतो. गिटारसाठी केलेल्या इनपुटचा इम्पीडन्स साधारण १० लाख ओहम असतो. लाइन इनपुटचा १० हजारांच्या आसपास, माइक इनपुटचा त्याहून कमी. गिटार सरळ लाइन इनपुटला लावली तर आवाज येतो, म्हणूनच कुणाला शंका येत नाही. पण वरचे स्वर मरतात, पिकचा टोकदारपणा जातो, आणि पुढे कितीही ट्रेबल वाढवला तरी तो परत येत नाही. ईएमजी ८१ सारखे अ‍ॅक्टिव्ह पिकअप यातून बऱ्यापैकी सुटतात, कारण त्यांच्या आतच ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँप असतो. (केबल गिटारमध्ये खुपसून ठेवली तर ती बॅटरी रात्रभर जळत राहते, वाजवून झालं की केबल काढा.)

तेव्हा इंटरफेस घेताना खोक्यावर ‘इन्स्ट’, ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलंय का ते आधी बघा. फोकसराइट स्कार्लेट सोलो, ऑडियंट ईव्हीओ ४, मोटू एम २ ही नावं कुठल्याही दुकानात ऐकू येतील. तिन्हींत ही सोय आहे आणि तिन्ही यूएसबीच्याच विजेवर चालतात. एकट्या गिटारवाल्याला दोन इनपुट पुरतात. आठ इनपुटचा इंटरफेस ‘पुढे लागेल’ म्हणून घेऊ नका. तेच पैसे हेडफोनला लागणार आहेत. आणि गिटार लावायची एक पिन व दुसऱ्या टोकाला यूएसबी असलेली स्वस्त केबल मिळते, तिच्या वाटेला जाऊ नका. बहुतेकींवर गेनचं बटण नसतं, आणि जोरकस हंबकर पिकअपने सिग्नल फाटला तर काही करता येत नाही.

फाटण्याबद्दल. ताकदवान पिकअप असलेल्या गिटारवर पाम-म्यूट करून सगळ्यात जोरात वाजवा आणि मीटर बघा. टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला टेकणं म्हणजे कायमचा ओरखडा. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर थोडं हळू रेकॉर्ड झाल्याने काहीही बिघडत नाही. जुन्या टेपच्या काळातला ‘मीटर लालपर्यंत न्या’ हा सल्ला इथे लागू नाही.

वाजवणं आणि ऐकू येणं यांतला उशीर, म्हणजे लेटन्सी, मेटलमध्ये फार जाणवतो, कारण रिफची सगळी मजा घट्टपणात आहे. सेकंदाला ४८ हजार नमुने आणि बफर १२८ ठेवला तर एका दिशेला पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत काम होतं. जाऊन-येऊन दहा मिलिसेकंद झाले तरी ते अँपपासून साडेतीन मीटरवर उभं राहण्याइतकंच आहे. त्यापुढे हात अडखळतो. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाकल्याशिवाय हे जमत नाही. मॅकवर ही कटकट नाही. ब्लूटूथ हेडफोन या कामाला बाद, कितीही महाग असोत.

सॉफ्टवेअरवर खर्च करायची घाई नको. रीपर ६० दिवस फुकट वापरता येतं आणि नंतर घरगुती परवाना ६० डॉलरचा आहे. अँप सिम्युलेटर फुकटातही उत्तम मिळतात. न्यूरल अँप मॉडेलर तर खुलं सॉफ्टवेअर आहे.

मात्र अँप सिम्युलेटरनंतर कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स (आयआर), म्हणजे त्याच्या स्पीकरच्या आवाजाचा टिपलेला ठसा, लावायला विसरू नका. गिटारचा १२ इंची स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही ऐकवतच नाही. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा मेटलमधला नेहमीचा स्पीकर घ्या. त्याचा स्वभावच डिस्टॉर्शनची धार बोथट करून तिला अंग देतो. तो टप्पा गाळला की तुमच्या हजारो रुपयांच्या गिटारमधून गांधीलमाश्यांचं पोळं उठतं. ‘घरी रेकॉर्ड केलेली गिटार अशीच चिरकी येते’ असं मानून कितीतरी मुलं इथेच थांबलेली मी पाहिली आहेत. अँप बदलत बसू नका. आयआर बदलून बघा. अर्ध्याहून जास्त आवाज तिथे आहे.

डिस्टॉर्शन खोलीत वाजवताना जितकं हवंसं वाटतं त्याहून बरंच कमी ठेवा. रिदम गिटार दोनदा वेगवेगळी वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाकायची असते. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर रुंदी येत नाही. दोन गिटारींचं मिळून डिस्टॉर्शन आपोआप दाट होतं. अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर जातीचं पेडल, खरं किंवा सॉफ्टवेअरमधलं, ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल वर ठेवून लावलं की खालचा गदळपणा कापला जातो. मेटलचा घट्ट आवाज बराचसा या एका सवयीचा आहे.

घरातलं काम दुय्यम असतं असं कुणी म्हणालं तर मी बॉस्टन या बँडचं १९७६ सालचं पहिलं रेकॉर्ड पुढे करतो. पोलरॉइडमध्ये इंजिनिअर असलेल्या टॉम शोल्झने त्याचा मोठा भाग स्वतःच्या घराच्या तळघरात रेकॉर्ड केला. मोठ्या अँपचा आवाज घरात कसा आवरायचा याच अडचणीतून त्याने पुढे पॉवर सोक बनवला, आणि मग रॉकमन हा हेडफोनवर चालणारा छोटा अँप. आताच्या मेटलमध्ये पेरिफेरीच्या मिशा मनसूरने घरी कॉम्प्युटरवर केलेल्या डेमोंमधूनच त्या बँडचं नाव झालं.

आता वीज. परदेशी पुस्तकांत हा भाग दोन ओळींत आटपतो, आपल्याकडे तो जिवावर बेततो. लॅपटॉपचा चार्जर लावला की गिटारमधून गुरगुर येते आणि काढला की थांबते, हा अनुभव घरोघरचा. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं, आणि त्यातून गळणारी थोडी वीज लॅपटॉप, इंटरफेस, केबलवाटे तुमच्या गिटारच्या तारांपर्यंत पोचते. टेक घेताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा, हा झाला तात्पुरता उपाय. पण तारांना हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर वाजवणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या चाळी आणि इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं, तिसऱ्या भोकामागे तारच नसते. घरघर जावी म्हणून प्लगची तिसरी पिन तोडणारे लोक आहेत. ते कुणालाही करू देऊ नका. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीत मंचावरच विजेच्या धक्क्याने गेला. त्याने हात लावलेल्या माइकला अर्थिंग नव्हतं.

उरलेली घरघर खोलीतच शोधा. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सगळ्यात मोठा गुन्हेगार. पंखा पूर्ण वेगात ठेवा किंवा टेकपुरता बंद करा. लाइट गेल्यावर चालणारा स्वस्त इन्व्हर्टरही रेकॉर्डिंगला वाईट. सिंगल कॉइल पिकअप हे सगळं उचलतात. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ च्या सुमारास हंबकर तयार केला तो या मेनच्या गुणगुणीवरच उपाय म्हणून, आणि मेटलमध्ये तो रुजला. तरी हंबकर असूनही खुर्ची थोडी फिरवून बघा. गिटारचा कोन बदलला की आवाज कमी-जास्त होतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून अँप किंवा पेडलचा अडॅप्टर मागवत असाल तर मागे १२० व्होल्ट लिहिलंय का ते वाचा. आपल्या २३० व्होल्टला ते लावलं की पहिल्या क्षणी जळतं.

ऐकण्यासाठी वायरचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या. ऑडिओ-टेक्निका किंवा बायरडायनॅमिकचे चांगले मिळतात. लहान खोलीत हेडफोन मॉनिटर स्पीकरपेक्षा जास्त खरं सांगतात. सर्वात जाड तार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ८२ हर्ट्झला, ड्रॉप सी-मध्ये ६५ ला कंप पावते. कॉम्प्युटरचे छोटे स्पीकर ते ऐकवूच शकत नाहीत, म्हणून मुलं बेस वाढवत जातात आणि मग ते गाणं गाडीत लावल्यावर दणके बसतात.

माइक? शूरचा एसएम ५७ १९६५ पासून आहे आणि अजूनही अँपसमोर तोच असतो. पण अँप नाही तोवर तो नको.

थोडे पैसे वाचवायला जुन्या तारांवर रेकॉर्ड करू नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्या पटकन गंजतात, आणि गंजलेल्या तारेचा मंदपणा कुठलंच सॉफ्टवेअर काढत नाही. ड्रॉप ट्यूनिंगला जाड तारा लावा आणि इंटोनेशन नीट करून घ्या, नाहीतर वरच्या फ्रेटवरचे कॉर्ड बेसूर लागतील.

पैसे कमी असतील तर इंटरफेस वापरलेला घ्या. फक्त तो बघायला जाताना स्वतःची गिटार, स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचे हेडफोन न्या. गेन पूर्ण वाढवून, काही न वाजवता सरसर ऐका. बटणं फिरवताना खरखर येते का, गिटारच्या इनपुटमध्ये पिन सैल बसते का, हे बघा. मग केबल लावलेली असताना यूएसबीची जागा हलक्या हाताने हलवा. आवाज तुटला तर भाव कितीही कमी झाला तरी उठून या.